चौकटीबाहेरच्या झाडांची सावली



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही हमालांच्या चळवळीचा किंवा गिरणीतल्या एखाद्या जुन्या संपाचा इतिहास सांगू. आम्ही एका फ्रेंच चित्राचे नाव सांगितले. चालक सभ्य गृहस्थ असल्यामुळे ते हसले नाहीत, इतकेच. चित्रकला हा आमचा प्रांत नव्हे, हे आम्हांलाही ठाऊक आहे. आमचे शाळेतले शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात, बडनेरा स्टेशनाच्या बाकांवर गाडीची वाट पाहताना, आणि पुष्कळसे रद्दीच्या दुकानात. हे चित्रही आम्हांला रद्दीतच मिळाले.

झाले असे की, युनियनच्या कचेरीत जुन्या वह्या बांधायला आणलेल्या रद्दीत एक परदेशी कॅलेंडर निघाले. त्याच्या जानेवारीच्या पानावर एका शेताचे चित्र होते. पान बरे दिसले म्हणून आम्ही ते कचेरीच्या भिंतीला खिळ्याने ठोकले आणि विसरून गेलो. एके दिवशी आमचे एक म्हातारे हमाल वर्गणी द्यायला आले. उभा जन्म त्यांचा कापसाच्या गठाणी उचलण्यात गेलेला. पावती फाडून होईपर्यंत ते त्या चित्रासमोर उभे राहिले, आणि म्हणाले, "भाऊ, ज्यानं हे काढलं त्यानं वझं उचलणाऱ्याले लय जवळून पायलं असन. पाठ पाहा न त्याची. वझं खरं हाय."

आम्ही तोवर त्या चित्रात शेत पाहिले होते, आकाश पाहिले होते. माणूस नीट पाहिलाच नव्हता. त्या दिवसापासून आम्ही चित्राच्या मागे लागलो. आज सांगणार आहोत ते त्या पाठपुराव्यातून हाती आलेले आहे.

चित्राचे नाव मराठीत 'गोठलेले दहिवर' असे करता येईल. चित्रकार कामीय पिसारो. साल १८७३. आकार सुमारे ६५ सेंटिमीटर उंच आणि ९३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे रुंदीला आपले दोन हात. मूळ चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. जागा आहे पॅरिसच्या वायव्येस असलेल्या पाँत्वाझ गावाजवळची, एनरी नावाच्या खेड्याकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरची. हिवाळ्यातली सकाळ आहे. नांगरलेल्या शेतावर दहिवर गोठून पांढरे झाले आहे. ऊन कोवळे आणि तिरपे आहे. एक म्हातारा शेतकरी पाठीवर काटक्यांचा भारा घेऊन, हातात काठी धरून चालला आहे. बस, इतकेच. चित्रात प्रसंग नाही, देव नाही, राजा नाही, लढाई नाही. माणूससुद्धा इतका लहान आहे की, त्याचा चेहरा ओळखू येत नाही. ओळखू येते ती पाठ.

वऱ्हाडातल्या माणसाला हे दृश्य परके वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे दहिवर गोठत नाही, पण पौषातल्या सकाळी पऱ्हाटीच्या पानांवर ते दिसते. आणि कापसाचा हंगाम संपला की उपटलेल्या पऱ्हाट्यांचा भारा डोक्यावर घेऊन चुलीकडे निघालेली बाई बडनेऱ्याच्या कोणत्याही रस्त्यावर आपण पाहिलेली आहे. फरक इतकाच की, तिथे भारा पाठीवर आहे आणि इथे चुंबळीवर.

आता हा पिसारो कोण, ते पाहू. त्याचा जन्म १८३० साली वेस्ट इंडीजमधल्या सेंट टॉमस बेटावर झाला. बेट त्या वेळी डेन्मार्कच्या ताब्यात होते. बाप व्यापारी, घराणे ज्यू. त्या बेटांवर गुलामगिरी १८४८ पर्यंत चालू होती, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा माणूस ओझे वाहताना पिसारोने लहानपणापासून पाहिलेला होता. व्यापारात त्याचे मन रमेना. १८५५ मध्ये तो पॅरिसला आला, चित्रे काढू लागला. त्याने लग्न केले ते जूली व्हेले हिच्याशी. ती द्राक्षमळेवाल्या खेडुतांची मुलगी, पिसारोच्याच आईच्या घरी कामाला असलेली. घरच्यांना ते रुचले नाही. १८७० च्या युद्धात त्याला इंग्लंडला पळावे लागले आणि मागे राहिलेल्या घरात जर्मन सैन्य उतरले. कित्येक वर्षांची चित्रे त्यात नष्ट झाली. परत आल्यावर तो पाँत्वाझला राहिला, तेव्हाचे हे चित्र आहे. चाळिशी उलटलेला, पोरांबाळांचा, देणेकऱ्यांनी वेढलेला माणूस थंडीत शेताच्या कडेला उभा राहून रंग लावत होता.

शेतात उभे राहून चित्र पुरे करणे ही गोष्टही त्या काळी फार जुनी नव्हती. पूर्वी रंग खलून डुकराच्या मूत्राशयाच्या लहान पिशव्यांत भरून ठेवावे लागत. १८४१ मध्ये जॉन रँड नावाच्या एका अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या दाबता येणाऱ्या नळीचे पेटंट घेतले. नळीचे झाकण उघडावे आणि रंग घ्यावा. तीत आगगाडीची भर पडली. सकाळी शहरातून निघावे आणि शेताच्या बांधावर उतरावे. नव्या कलेचा उगम प्रतिभेत असतो हे खरेच. परंतु हत्यार बदलले की काम बदलते, हे आम्ही कामगार दुसऱ्या कोणाहूनही लवकर ओळखतो.

त्या काळी फ्रान्समध्ये चित्रकाराची भाकर एका सरकारी दरबारी प्रदर्शनावर अवलंबून होती. त्याला सालों म्हणत. तिथले पंच चित्र घेत किंवा नाकारत. नाकारले की गिऱ्हाईक फिरकत नसे. शेवटी मोने, रन्वार, देगा, पिसारो इत्यादी मंडळींनी ठरवले की, पंचांच्या दारात उभे राहायचे नाही. २७ डिसेंबर १८७३ रोजी त्यांनी आपली सहकारी संस्था स्थापली. आणि आता जे सांगतो ते वाचून आम्ही कचेरीत एकटेच मोठ्याने हसलो होतो. संस्थेची घटना कशी असावी हा प्रश्न निघाला, तेव्हा पिसारोने मसुदा म्हणून पुढे ठेवली ती पाँत्वाझच्या पाव भाजणाऱ्या बेकऱ्यांच्या संघाची घटना! कलमांचा आणि नियमांचा हा भार रन्वारला मानवला नाही. प्रत्येक संघटनेत एक पिसारो असतो आणि एक रन्वार असतो. आमच्या कार्यकारिणीत दोघेही आहेत. तडजोड होऊन संस्था उभी राहिली. वर्षाला साठ फ्रँक वर्गणी ठरली. कोणाचे चित्र कोठे टांगायचे यावरून भांडण नको, म्हणून चित्रे आकाराप्रमाणे लावून चिठ्ठ्या टाकायचे ठरले. हमालांच्या टोळीत पाळी ठरवायची हीच रीत आम्ही पाहत आलो आहोत.

१५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसच्या एका हमरस्त्यावर, नादार नावाच्या छायाचित्रकाराच्या रिकाम्या स्टुडिओत त्यांचे पहिले प्रदर्शन उघडले. तिकीट एक फ्रँक. महिनाभर चालले. सुमारे साडेतीन हजार माणसे आली, आणि पुष्कळशी हसायला आली. २५ एप्रिलला 'ल शारिवारी' या विनोदी पत्रात लुई लरवा याने टवाळीचा लेख लिहिला. मोनेच्या एका चित्राच्या नावावरून त्याने या मंडळींना जे टोपणनाव दिले, तेच पुढे त्यांच्या पंथाचे नाव झाले. मराठीत आपण त्याला दृक्प्रत्ययवाद म्हणतो. लरवाने लेखात एक जुन्या वळणाचा चित्रकार कल्पिला आहे. हा गृहस्थ 'गोठलेले दहिवर'समोर येतो आणि आधी आपला चष्मा पुसतो, कारण काचाच मळल्या असाव्यात असे त्याला वाटते. मग तो विचारतो, हे काय आहे? नांगराचे तास आणि दहिवर, असे उत्तर मिळाल्यावर तो म्हणतो की, हे तर रंगपाटीचे खरवडण मळक्या कापडावर फासले आहे. याला ना डोके ना शेपूट.

श्रोतेहो, यातली गंमत ध्यानात घ्या. पॅरिसच्या शिकलेल्या रसिकाला जिथे खरवडण दिसले, तिथे बडनेऱ्याच्या निरक्षर हमालाला ओझे दिसले. आम्ही हमालाचे कौतुक करण्यासाठी हे सांगत नाही. काम केलेल्या माणसाला कामाचे चित्र वाचता येते, हा साधा अनुभव आहे. ज्याने नांगरलेल्या ढेकळांतून अनवाणी पाय टाकला आहे, त्याला पिसारोचे जाड, खरबरीत रंग चुकीचे वाटणार नाहीत. ढेकळे तशीच असतात.

त्या संस्थेचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. डिसेंबर १८७४ मध्ये हिशेब झाला. देणे अधिक, तिजोरीत जवळजवळ काही नाही. प्रत्येक सभासदाच्या डोक्यावर १८४ फ्रँक ५० सांतीम बसले आणि संस्था विसर्जित झाली. परंतु मंडळी पांगली नाहीत. १८८६ पर्यंत त्यांनी एकूण आठ प्रदर्शने भरवली, आणि त्या आठही प्रदर्शनांत चित्रे लावणारा चित्रकार एकच, तो म्हणजे पिसारो. संस्था बुडते तेव्हा चळवळ बुडतेच असे नाही, या एका गोष्टीसाठीसुद्धा कार्यकर्त्यांनी हा इतिहास वाचावा.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. त्या प्रदर्शनावर कास्तान्यारी नावाच्या एका चांगल्या टीकाकारानेही लिहिले. तो टवाळ नव्हता. पिसारोची ताकद त्याने मान्य केली. पण एक दोष दाखवला. तो म्हणाला की, या चित्रकाराने जमिनीवर अशा झाडांच्या सावल्या रंगवल्या आहेत, जी झाडे चौकटीच्या बाहेर आहेत. पाहणाऱ्याला झाडे दिसत नाहीत, ती असतील असे धरून चालावे लागते. आणि ते खरे आहे. 'गोठलेले दहिवर'मध्ये शेतावरून निळसर लांबलांब पट्टे गेले आहेत, तासांना छेदून. त्या सावल्या आहेत. झाडे चित्रात नाहीत.

कास्तान्यारीला जो दोष वाटला, तो आम्हांला या चित्राचा सर्वांत मोठा गुण वाटतो. कारण शेतावर पडणाऱ्या बहुतेक सावल्या अशाच असतात. झाड दुसरीकडे कोठेतरी असते. ही गोष्ट वऱ्हाडच्या शेतकऱ्याइतकी कोणाला पटावी?

दाखला देतो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मँचेस्टरचे डोळे हिंदुस्थानाकडे वळले. निजामाचा वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली आलेलाच होता. कापसाचे भाव भडकले. जिथे ज्वारी होती तिथे पऱ्हाटी आली. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची आगगाडी अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करीत १८६७ मध्ये नागपूरला पोचली. कापसाच्या बाजारपेठा लोहमार्गाला जोडण्यासाठी अमरावतीला आणि खामगावला फाटे काढले; खामगावच्या फाट्याचे उद्घाटन १८७० मध्ये खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांनी केले. लिव्हरपूलच्या बाजारात आपल्या कापसाला 'उमरा' असे नाव पडले. ते उमरावतीचे, म्हणजे आपल्या अमरावतीचे रूप आहे. आज आपण ज्या बडनेरा जंक्शनवर चहा पितो, ते स्टेशन त्या काळात, कापसाच्या त्या ओढीने उभे राहिले.

मग १८६५ मध्ये युद्ध संपले. मुंबईत शेअरांचा फुगा फुटला, पेढ्या बुडाल्या, भाव उतरले. वऱ्हाडच्या शेतकऱ्याने अमेरिकेचा नकाशा पाहिलेला नव्हता. तिथले युद्ध का पेटले आणि का थांबले, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. त्याच्या शेतावर सावली मात्र पडली. तेजीत घेतलेले कर्ज मंदीत फेडायचे होते. देशावर पुणे आणि नगर जिल्ह्यांत याच मंदीतल्या कर्जातून १८७५ चे सावकारांविरुद्धचे दंगे झाले. इकडे वऱ्हाडात दंगे झाले नाहीत. शेते मुकाट्याने सावकाराच्या नावावर चढत गेली.

आणि योगायोग असा की, त्या चौकटीबाहेरच्या झाडाचेही एक चित्र आहे, आणि तेही पिसारोच्याच एका सोबत्याने त्याच १८७३ साली काढलेले आहे. एडगर देगा याची आई न्यू ऑर्लिन्सची. १८७२ च्या ऑक्टोबरात तो आजोळी गेला आणि पुढच्या मार्चपर्यंत राहिला. तिथे त्याने मामाच्या कापसाच्या पेढीचे चित्र काढले. कचेरी स्वच्छ आहे. मोठ्या मेजावर कापूस पसरला आहे. पुढे बसलेले मिशेल म्युसाँ हे देगाचे मामा. ते बोटांनी कापसाचा धागा ओढून पाहत आहेत. एक भाऊ वर्तमानपत्र वाचतो आहे. दुसरा खिडकीला टेकून उभा आहे. सगळे गोरे गृहस्थ, बहुतेक काळ्या कोटातले. हे चित्र मँचेस्टरच्या एखाद्या गिरणीवाल्याने घ्यावे अशी देगाची इच्छा होती. ते घडले नाही. १८७८ मध्ये फ्रान्समधल्या पो गावच्या संग्रहालयाने ते दोन हजार फ्रँकांना घेतले. आणि मामांची पेढी चित्र पुरे होते न होते तोच बसली.

त्या कचेरीत ज्यांनी तो कापूस वेचला, त्यांच्यापैकी एकही माणूस नाही. आठ-दहा वर्षांपूर्वीपर्यंत जे गुलाम होते, ते काळे लोक चौकटीच्या बाहेर आहेत. आम्ही या चित्राची छापील प्रत वेचणीला जाणाऱ्या एका बाईंना दाखवली होती. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "एवढे माणसं कापसाभोवती, अन् एकाच्याही बोटाले ओरखडा नाही!" कलेच्या ग्रंथांत या चित्रावर पाने भरून लिहिलेले आहे. परंतु इतक्या थोडक्यात कोणी बोलल्याचे आमच्या वाचनात नाही.

त्याच १८७३ मध्ये आपल्याकडे काय चालले होते? पुण्यात जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केले, आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या त्या लोकांना ज्यांनी काळ्यांना दास्यातून सोडवले. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या कचेरीत बसलेल्या देगाला जे दिसले नाही, ते पुण्यात बसलेल्या जोतीरावांना दिसले. चौकटीबाहेरचे झाड पाहण्यासाठी बोटीचे तिकीट लागत नाही. पुढे १८८३ मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' पुरे केले. शेतकरी, त्याची बायको, त्याचे घर, त्याचे कर्ज यांचे इतके भरीव चित्र त्या काळात रंगांत कोणी काढले नव्हते. ते शब्दांत निघाले. आणि जोतीरावांचेच सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली. आमच्या धंद्याचे मूळपुरुष ते. सावल्या कोठून पडतात याचा शोध घेणारी ही परंपरा आहे आणि ती अस्सल मराठी आहे.

मग मराठी चित्रकाराने शेत कधी पाहिले? मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय १८५७ चे. तिथे शिकवण विलायती वळणाची: पुतळ्यावरून रेखाटन, मग बसवलेल्या माणसावरून. तरीही तिथे शिकून कोल्हापुरास परतलेले आबालाल रहिमान उघड्यावर जाऊन रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ रंगवत बसले. शाहू महाराजांचा त्यांना आश्रय होता. बदलत्या उजेडाचा त्यांना लागलेला नाद पाहून जाणकार त्यांचे नाव फ्रेंच दृक्प्रत्ययवाद्यांच्या जोडीने घेतात. १९३१ मध्ये ते वारले. इंदुरास दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये चित्रशाळा काढली आणि मुलांना रंगपेटी देऊन उन्हात नेले. सावली काळी नसते, तिच्यातही निळा-जांभळा रंग असतो, हे त्या मुलांच्या डोळ्यांना तिथे कळले. त्याच शाळेतून नारायण श्रीधर बेंद्रे आले. १९१० साली इंदुरात जन्मलेले बेंद्रे पुढे मुंबई आणि बडोदा इथे नावारूपास आले. उतारवयात ते रंगांचे ठिपके शेजारी शेजारी ठेवून चित्रे काढू लागले, आणि त्या ठिपक्यांतून खेड्यातल्या बाया, गुराखी, बाजाराला निघालेली माणसे उमटली. रंगाच्या ठिपक्यांची ही रीत पिसारोनेही काही वर्षे वापरली होती. पाँत्वाझची सकाळ इंदूरमार्गे मराठी हातांत आली, असे म्हणायला हरकत नाही.

परंतु वऱ्हाडात आमच्या घरांच्या भिंतींवर ही चित्रे पोचली नाहीत. आमच्या भिंतींवर बियाण्याच्या आणि खताच्या दुकानांची कॅलेंडरे आहेत. त्यांत फुटलेले बोंड असते, हसरा शेतकरी असतो, स्वच्छ फेटा असतो. वेचणारी बाई नसते.

ती नेमके काय करते ते सांगितले पाहिजे, कारण ते चित्रात नाही. दिवाळीच्या सुमारास बोंडे फुटू लागली की वेचणी सुरू होते. पहिला वेचा, दुसरा, तिसरा, आणि राखलेच तर फरदड. हंगामाच्या सुरुवातीला शेतात सीतादही करतात. दहीभाताचा नैवेद्य दाखवून मग हात लावायचा. बाई पोटाशी ओटी बांधते. सकाळच्या दहिवरात पान ओले असते तोवर कापसाला काडीकचरा चिकटत नाही, म्हणून ती लवकर निघते. ऊन चढले की पान चुरते. सुकलेल्या बोंडाची टोके नखांच्या कडेला शिरतात. संध्याकाळी काट्यावर वजन होते आणि किलोच्या हिशेबाने मजुरी हातात पडते. दिवस किती तासांचा होता हे काटा सांगत नाही. मग तो कापूस बाजारात जातो, जिनात जातो, सरकी वेगळी, रुई वेगळी होते, गठाण बांधली जाते, आणि तिथे आमच्या हमालाचा हात लागतो. आमच्या युनियनचा इतिहास तिथून सुरू होतो. त्याआधीचे सगळे आमच्या चौकटीबाहेर.

हे आम्ही कबुली म्हणून सांगतो आहोत. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका बाजाराच्या आवारात हमालीच्या दरासाठी आम्ही काम बंद ठेवले होते. नऊ दिवस गाड्या उभ्या राहिल्या. दर वाढवून मिळाला. गुलाल उडाला, आमच्या गळ्यात हार पडले. महिन्याभराने आमच्याच एका हमालाची बायको कचेरीत आली. ती वेचणीला जात असे. ती म्हणाली, "भाऊ, तुमची हमाली वाढली त चांगलं झालं. पण व्यापाऱ्यानं ते शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली, अन् शेतकऱ्यानं आमच्या वेचणीतून. माह्या घरवाल्यानं आणलेले पैसे माह्याच ओटीतून गेले."

आम्ही हिशेब मांडून पाहिला. तो तंतोतंत तिच्यासारखा निघाला नाही. पण दिशा तिने बरोबर सांगितली होती. त्या वर्षी भाव पडले होते, शेतकऱ्याचाही हात आखडला होता, आणि साखळीत जी सर्वांत शेवटी उभी होती तिच्यावर तो भार सरकला. आम्ही लावलेल्या झाडाची सावली आमच्या चौकटीच्या बाहेर पडली होती. लंकेच्या आणि लिव्हरपूलच्या सावल्या शोधणाऱ्या आम्हांला आपल्या स्वतःच्या झाडाची सावली दिसली नव्हती.

माथाडी-हमालांसाठी महाराष्ट्रात १९६९ चा कायदा आहे. तो सहजासहजी मिळाला नाही आणि आजही तो राबवून घ्यावा लागतो. पण बोट ठेवायला कलम आहे. वेचणारीसाठी शेतमजुराच्या किमान वेतनाचा नियम कागदावर आहे, परंतु तिचे काम वजनावर मोजले जात असल्यामुळे तो नियम तिच्या बांधापर्यंत चालत जात नाही. ती आज एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. तिचा मालक कोण? बहुतेक वेळा दोन-चार एकरांचा कर्जबाजारी शेतकरी, ज्याची बायको दुसऱ्या दिवशी तिच्याच शेजारी ओटी बांधून उभी असते. अशा ठिकाणी मोर्चा कोणावर न्यायचा, हा प्रश्न आम्हांला अजून सुटलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. परंतु प्रश्न सुटत नाही म्हणून तो चौकटीबाहेर ठेवायचा, हा मार्ग आम्ही सोडला आहे. हमालीच्या दराची बोलणी होताना आता दोन गोष्टी आधी मांडतो: वाढ कोणाच्या बाजूने पडेल ते कागदावर लिहून घ्यायचे, आणि त्या सालचा वेचणीचा दर काय आहे ते बायांना विचारून यायचे. व्यापारी कुरकुरतात. आमचे काही हमालही कुरकुरतात. चालायचेच.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे पिसारोला ठाऊक होते काय? त्याला वऱ्हाड ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण श्रम करणाऱ्याबद्दल त्याला काय वाटत होते हे ठाऊक आहे. पुढे तो अराज्यवादी विचारांचा झाला, मजुरांच्या पत्रांना त्याने चित्रे दिली, १८८९ च्या सुमारास पॅरिसमधल्या धनिकांच्या आणि भुकेल्यांच्या जगाची एक जळजळीत चित्रवही काढली. तरीही त्याच्या शेतातल्या चित्रांत घोषणा नाही. त्याच्याआधी १८५७ मध्ये मिले याने सरवा वेचणाऱ्या तीन बाया मोठ्या करून रंगवल्या, तेव्हा पॅरिसच्या प्रतिष्ठितांना त्यांत बंडाची चाहूल लागून धडकी भरली होती. पिसारोचा म्हातारा कोणाला धडकी भरवत नाही आणि कोणाची कीवही मागत नाही. त्याला थंडी वाजते आहे, त्याला घर गाठायचे आहे, भाऱ्यात रात्रीची चूल आहे. चित्रकाराने त्याला तितकीच जागा दिली जितकी शेतात माणसाला असते. आम्ही भाषणांत कामगाराला फार मोठा करतो किंवा फार दीन करतो. 'वझं खरं हाय' असे कोणी म्हणावे, इतके सरळ आम्हांला अजून बोलता येत नाही.

लोकांनी हसून घालवलेल्या त्या प्रदर्शनाला २०२४ मध्ये दीडशे वर्षे झाली. ओर्से संग्रहालयाने त्याच्या स्मरणार्थ मोठे प्रदर्शन भरवले. आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ ची. म्हणजे ज्या व्यासपीठाच्या वंशात आजचे हे व्यासपीठ येते, ते त्या चित्राच्या पाठीला पाठ लावून जन्मले आहे. दोन्हींचा हेतू एकच म्हणता येईल: लोकांनी एकत्र यावे, नीट पाहावे, नीट ऐकावे.

बडनेऱ्यातल्या जुन्या कापडगिरणीचा भोंगा आता वाजत नाही. त्या भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी या सभेत थोडीच उरली आहे. पऱ्हाटी मात्र चहूकडे उभी आहे आणि कार्तिकात बाया पहाटे निघतात. आमच्या सभासदांच्या वहीत गेल्या चार वर्षांपासून वेचणाऱ्यांसाठी वेगळी पाने घातली आहेत. नावे अजून थोडी आहेत. वर्गणी कधी येते, कधी येत नाही. ते कॅलेंडरचे पान कचेरीत अजून भिंतीवर आहे. ऊन लागून त्याचा निळा रंग फिकटला आहे, पण सावल्या दिसतात. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर यावे. येताना आपल्या शेतावर किंवा आपल्या धंद्यावर सावली टाकणारे झाड कोणते, आणि आपल्या झाडाची सावली कोणावर पडते, या दोन प्रश्नांचा विचार करून यावे, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.